मंडईच्या दिवशी मांजरांचा मांडव

प्रेमिलाबाई वलथरेच्या तोंडी लागायचं नसतं, हे नागऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तलावाच्या अलीकडच्या काठावरून ती नवऱ्याला हाक मारते तेव्हा पलीकडची म्हैस चरता चरता मान वर करते. बोलली की तोडून बोलते, भांडली की सोक्षमोक्ष लावूनच घरी येते, आणि हसली तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसते. मधलं काही बाईला जमत नाही. अशी बाई मांजरांच्या आसऱ्यात कामाला लागली तेव्हा अख्खं गाव पोट धरून हसलं. त्यात गावाचं काही चुकलं नाही.

कारण ती धिवराची लेक. माहेर केशोरीकडं, तळ्याकाठी. रांगायला लागली ती जाळ्यावर, आणि पाटीवर अ गिरवायच्या आधी तिच्या बोटांना जाळ्याची गाठ येत होती. नागऱ्याला दिली ती बकारामला. तोही धिवरच, तलावात जाळं टाकणारा. आता मासोळीचं घर आणि मांजर यांचं कसं जमायचं, तुम्हीच सांगा! अंगणात मासोळी सुकत घातली की प्रेमिलाबाई काठी घेऊन उंबऱ्यावर बसायची. कुंपणावर मांजराचे कान दिसायचा अवकाश, काठी सुटलीच. बकारामनं तर लग्नाच्या वर्षीच सांगून टाकलं होतं, "या घरात एक तं मांजर राहीन, नाही तं मी."

मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन गोंदियाच्या गल्ल्या फिरणं मानेला झेपेनासं झालं, तेव्हा तिनं दुसरं काम शोधलं. गावाबाहेर मुन्नालाल सेठची राईस मिल बंद पडली होती. तिथं डॉक्टर दामिनीनं, म्हणजे गोंदियातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईनं, काही मित्रमैत्रिणी जमवून बेवारशी जनावरांसाठी आसरा उघडला होता. कुत्री मिलच्या आवारात, मांजरी जुन्या ऑफिसच्या खोलीत. जखमा बऱ्या करायच्या, ऑपरेशन करून घ्यायचं, आणि चांगलं माणूस घरी न्यायला आलं की द्यायचं. झाडलोट आणि खाणंपिणं बघायला बाई हवी होती. प्रेमिलाबाई म्हणाली, "कुत्र्याईचं करतो, मांजराईचं बी करतो. पन लाड करा म्हणून सांगू नका."

दामिनीनं तसं काही सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही.

झालं असं की एका बाजाराच्या सकाळी बकारामची मासोळी पोचवून येताना तिला मच्छीबाजारामागच्या नालीत एक राखाडी मांजर पडलेलं दिसलं. कुत्र्यांनी फाडलेलं, एक डोळा गेलेला. प्रेमिलाबाई दोन पावलं पुढं गेली, शिव्या घातल्या, मागं फिरली, आणि मासोळीच्या टोपलीत घालून त्या मांजराला आसऱ्यात घेऊन आली. का आणलं, हे तिला आजही सांगता येत नाही. विचारलं तर खेकसते, "दिसलं म्हणून आनलं! तुले काय करा लागते?" नाव तिनंच ठेवलं, भुरी.

भुरी जगली. पण जगली म्हणजे नुसती श्वास घेत राहिली. खोलीच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती, तिच्यामागं भिंतीकडं तोंड करून बसायची. सगळे निघून गेले की खायची. इतर मांजरींचीही गत फार वेगळी नव्हती. खोलीत पडून पडून त्यांच्या अंगावरची लव मळकट झाली होती. लोक यायचे. आवारातली कुत्री उड्या मारायची, शेपट्या हलवायची, कुणाच्या तरी गाडीत बसून निघूनही जायची. मग तेच लोक मांजरांच्या खोलीत डोकावायचे. फिनाईलचा वास आणि जिकडंतिकडं पाठी! "आजारी आहेत काय हो?" असं विचारून चालते व्हायचे. प्रेमिलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण सांगणार कुणाला, आणि काय?

त्यातच मुन्नालाल सेठचं टुमणं सुरू झालं. सेठ तसा वाईट माणूस नव्हे. बायको वारल्यापासून एकटा पडला होता, मुलगा धंद्यात बुडालेला. रोज सकाळी शाल पांघरून फिरत यायचा, फाटकासमोर टिंकूच्या टपरीवर चहा घ्यायचा. आसऱ्यात मात्र पाऊल टाकायचा नाही. कुणी मांजरांबद्दल काही बोललं की त्याचं एकच ठरलेलं उत्तर, "मेरा बिल्लियों से क्या लेना-देना? मैं आसरेवाला नहीं, मैं तो जगह का मालिक!"

एक दिवस टपरीवर चार माणसांसमोर त्यानं गावच्या मंडईची, म्हणजे जत्रेची, मुदत घालून सांगून टाकलं, "कुत्ते रहने दो, पर वो बिल्लीवाला कमरा मंडई के बाद खाली चाहिए. लड़के को सामान रखना है. कोई ले तो जाता नहीं उनको."

"आनि त्या जातीन कुटं?" प्रेमिलाबाई झाडू घेऊन फाटकातच उभी होती.

"अनाज मंडी में छोड़ दो. चूहे बहुत हैं वहाँ."

"भुरीले मंडीत? एका डोऱ्यानं?" तिचा आवाज असा चढला की टिंकूच्या हातातला चहा हिंदकळला. "कुत्रे एका दिवसात फाडतीन तिले!"

सेठ हसला. "अरे, उस कानी को कोई घर ले जाए ना, तो कमरा क्या, पीछे का आँगन भी ज़िंदगी भर बिल्लियों का! जा."

"बोलले ना सेठजी? सगळ्याईसमोर?"

"बोल दिया. मगर तुम लोग नहीं. डॉक्टरनी नहीं, तू नहीं, तेरा बकाराम नहीं. आसरेवालों की चालाकी नहीं चलेगी."

बकारामचं नाव कशाला घेतलं कोण जाणे. त्यानं तर मांजर नेण्यापेक्षा तलावात उडी टाकणं पसंत केलं असतं.

प्रेमिलाबाई तरातरा दामिनीकडं गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली. दामिनी शांत मुलगी. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला या खोलीत कोंडून ठेवलं तर काय कराल?"

"दार तोडून टाकीन."

"मांजर दार तोडत नाही. ते भिंतीकडं तोंड करून बसतं." दामिनीनं खिडकीतून मागच्या अंगणाकडं बोट दाखवलं. "त्यांना तिथं सोडता आलं पाहिजे. ऊन, माती, चढायला उंच जागा, लपायला आडोसा, हुंगायला रोज काही नवं. मग बघा, त्याच मांजरी कशा दिसतात. पण चारी बाजूंनी आणि वरून जाळी पाहिजे, नाहीतर पळतील. तारेची जाळी काही परवडायची नाही आपल्याला."

"जाळं?" प्रेमिलाबाईनं कमरेवर हात ठेवले. "धिवराच्या बाईसमोर जाळ्यासाठी रडून राहिल्या का तुमी, मॅडम?"

बकाराम बहिणीकडं आमगावला गेला होता, ते बरंच झालं. माळ्यावरचं त्याचं जुनं जाळं तिनं खाली ओढलं. आसऱ्याच्या मागच्या अंगणात कडुनिंब आणि भिंत यांच्यामध्ये बांबू रोवले, वरून चारी बाजूंनी जाळं सोडलं, आणि डोक्यावर जांभळाच्या हिरव्या फांद्या घातल्या. लग्नाला घालतात तसा झकास मांडव उभा राहिला. येणारेजाणारे कुंपणावरून विचारायला लागले, "प्रेमिलाबाई, नवरदेव कोन गावचा?" ती म्हणायची, "तू येतं का? मिशा तं हायेतच तुले!"

खोलीच्या खिडकीतून मांडवात वाट ठेवली. पहिली मांजर बाहेर आली आणि गवताला पाय लागताच तो वर उचलून तशीच उभी राहिली. आपण काय तुडवलं ते तिला कळेना. मग दुसरी आली, तिसरी आली. आणि थोड्याच वेळात सगळ्याजणी जाळ्याला जाऊन चिकटल्या. अंग घासताहेत, चाटताहेत, डोळे मिटून चघळताहेत!

"माय वो! पाहा मॅडम, कशा लाडात येऊन राहिल्या!" प्रेमिलाबाईला भरून आलं.

दामिनीलाही वाटलं, पहिल्यांदाच मोकळं सोडलंय, म्हणून आनंद झाला असेल. भुरी तेवढी पेटीमागून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिलाबाई आली तर मांडवात एकही मांजर नाही. जाळ्याला खाली हे एवढं भोक! कुरतडून कुरतडून पाडलेलं. तेव्हा कुठं बाईच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिनं कपाळावर हात मारला. वर्षानुवर्षं तलावात भिजलेलं जाळं ते! धिवराच्या नाकाला मासोळीचा वास हा वासच नव्हे, घरची हवा. मांजरींना मात्र तिनं चारी बाजूंनी जेवण टांगून दिलं होतं.

आणि गेल्या कुठं त्या? जिथून जाळं आलं तिथंच. वासाच्या मागानं थेट बकारामच्या अंगणात. नेमका तो त्या सकाळीच आमगावहून परतला होता. अंगणात सुकत घातलेली मासोळी फस्त, आणि तुळशीजवळ उन्हात ओळीनं मांजरी पोटं वर करून पडलेल्या. बकारामनं आधी मांजरींकडं पाहिलं, मग रिकाम्या माळ्याकडं पाहिलं. पुढं जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

टोपल्यांत घालून, वरून लुगडी बांधून मांजरी गावातून परत नेल्या. लोक दारादारांत उभे. टपरीवर सेठ चहा पीत होता, तो नुसता बशीवरून बघत राहिला. ते हसण्यापेक्षाही जास्त झोंबलं. खोलीत येऊन प्रेमिलाबाई जमिनीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. "माह्याच हातानं भुरीची सोय बुडाली हो. आता कोन देते जागा!" रडता रडता तिची नजर पेटीमागं गेली.

भुरी नेहमीसारखी बसली होती. पण आज भिंतीकडं नव्हे, इकडं तोंड करून. आणि तिच्या मिशांत जाळ्याच्या हिरव्या सुताचा धागा लोंबत होता. चारी पाय मातीनं भरलेले.

प्रेमिलाबाईचं रडणं थांबलं. "म्हणजे तू गेलती बाहेर? सगळ्या पळाल्या, आनि तू खाऊन वापस आली?" मग तिला असं हसू फुटलं की दामिनी धावत आली. तिला वाटलं, बाईला काही झालं.

"मॅडम, भुरी बाहेर येते! मासोळीच्या वासानं येते! जाळं नवं लावू, बिनवासाचं, आनि वास आत टांगू!"

दामिनीनं तिला मिठीच मारली. चुकीतून एवढं नेमकं उत्तर मिळालं, याचा तिलाही आनंद आवरेना.

नवं जाळं विणायला प्रेमिलाबाई घरच्या अंगणात बसली. बकाराम तोंड फिरवून विडी ओढत होता. दोन दिवस त्यानं अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला राहवेना. "ढिली गाठ घालून राहिली. हे का जाळं आहे? अजून पळतीन अन् माहीच मासोळी खातीन." तिच्या हातातलं सूत ओढून घेऊन तोच विणायला बसला. आधी राखेनं हात खसाखसा घासले, मग लिंबू चोळलं. "वास नको लागाले," एवढंच पुटपुटला. तिनं शेजारी बसून दुसरं टोक धरलं.

मग मांडव असा सजला की काय सांगू! धानाच्या राखणीला शेतात घालतात तशी मचाण कडुनिंबाला बांधली, वर चढायला बांबूची शिडी. आडवी मडकी मातीत अर्धी पुरून त्यांत तनस म्हणजे भाताचा पेंढा भरला, लपायला. एका कोपऱ्यात धान पेरून कोवळी हिरवळ उगवली, चघळायला. आणि जुन्या जाळ्याचे तुकडे गुंडाळून चेंडू केले, पोटात सुक्या मासोळीची चिमूट, आणि ते उंच-खाली दोरीनं टांगले. चेंडू रोज नव्या जागी टांगायचे, ही दामिनीची अट. म्हणजे मांजरींना शोधायला काम.

भुरीचं म्हणाल तर पहिल्यांदा नुसतं नाक आलं खिडकीत. मग डोकं. मग एका दुपारी ती मडक्यात जाऊन बसली, आणि प्रेमिलाबाई हातात झाडू तसाच धरून उभी राहिली. चेंडू दर वेळी जरा वर सरकायचा, भुरी जरा वर चढायची. शेवटी एक दिवस ती मचाणीवर जाऊन पसरली, ऊन अंगावर घेत, आणि एका डोळ्यानं सगळ्या आवाराकडं अशी बघायला लागली जसं काही सातबारा तिच्याच नावचा. इतर मांजरींची लवही चमकायला लागली होती. पाठी दिसायच्या तिथं आता चेहरे दिसायला लागले.

"आता लोक कसे आणायचे?" दामिनी म्हणाली.

"आनायचे कायले? मंडईले येतीनच की!" प्रेमिलाबाई म्हणाली. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. ज्या गावची मंडई त्या गावात घरोघरी पाहुणे, बाजार, नाटक, आणि या गर्दीतच लग्नाच्या पोरापोरींचं बघणं उरकायची रीत. "लोक पोरी पाहाले येते, मांजरी पाहाले काऊन नाही येणार? मांडव तं तयारच आहे."

तिनं बाजारभर बोंब मारली. मंडईच्या सकाळी मांडवासमोर ही गर्दी! माहेरपणाला आलेल्या लेकी, जावई, केशोरीकडले पाहुणे. दामिनी घसा कोरडा करून सांगत होती, "आत जाऊन गुपचूप बसा. हाका मारू नका, टक लावून बघू नका, तिला वाटलं तर ती येईल." कोण ऐकतं! जो तो पुस-पुस करत हात पुढं करत होता. तरी एकेक मांजर पसंत पडत गेली. नंदाबाई नावाच्या शिक्षिकेनं दोघी नेल्या, आमगावच्या सेवकरामनं बियाण्याच्या कोठीसाठी एक, पण दामिनीनं त्याच्याकडून घरात झोपू देण्याचं कबूल करून घेतलं तेव्हाच. दर मांजर निघाली की प्रेमिलाबाई डोळे पुसायची आणि पुढल्याला ओरडायची, "शिस्तीनं!"

भुरीला मात्र कुणी विचारेना. "एकाच डोळ्याची आहे," म्हणायचे आणि पुढं सरकायचे. भुरीही मचाणीवरून हलत नव्हती. दुपार झाली तशी प्रेमिलाबाई मांडवाभोवती येरझाऱ्या घालू लागली.

तेवढ्यात सेठ आला. "चलो भाई, देखें, कमरा खाली हुआ कि नहीं." हवेत गारवा होता, अंगावर शाल. सबंध आवारात बसायला एकच खुर्ची मोकळी होती, ती मांडवात, मचाणीखाली. तो आत जाऊन बसला आणि वर्तमानपत्र उघडलं. ना मांजरीकडं बघितलं, ना हाक मारली, ना हात पुढं केला.

दामिनीनं प्रेमिलाबाईचं मनगट घट्ट धरलं. कारण मचाणीवर भुरी उठून उभी राहिली होती. शिडीवरून एकेक पाय टाकत ती खाली आली. शालीचा काठ हुंगला. आणि उडी मारून सेठच्या मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली, आणि बसली.

"अरे! अरे, हटाओ इसको!"

"सेठजी, हलू नका," दामिनी हळूच म्हणाली. "ती आजवर कुणाच्याही मांडीवर बसलेली नाही."

सेठ हलला नाही. वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. टिंकूनं चहा आणून दिला, तो सेठनं डाव्या हातानं घेतला, मांजर जागी होऊ नये म्हणून. मग कुजबुजला, "ये घुर्र-घुर्र क्या है? बीमार है क्या?"

"नाही. खूश आहे."

सेठ खाली बघत राहिला. "घर में तो आजकल कोई पास बैठता नहीं," एवढंच म्हणाला. मग खाकरून मोठ्यानं, "घर में चूहे बहुत हो गए हैं. ले जाता हूँ इसको."

त्याच्या संगमरवरी घरात उंदीर औषधालाही नव्हता, हे सगळ्या नागऱ्याला माहीत होतं.

"पन सेठजी," टिंकू ओरडला, "आसरेवाले नाही चालत म्हणलेते तुमी!"

"सेठजी कुटले आसरेवाले!" प्रेमिलाबाईचा आवाज असा गेला की बाजारातली माणसं वळून बघायला लागली. "ते तं जागेचे मालक! मांजराईशी त्याईचं काय लेनं-देनं!"

हशा असा पिकला की बांबू हलले. सेठ स्वतःही हसला, पोट न हलवता, भुरीसाठी. मग खिशातून खोलीची आणि अंगणाची किल्ली काढून प्रेमिलाबाईपुढं धरली. "ले. ज़बान दी थी." तिनं किल्ली कपाळाला लावली आणि भरल्या गर्दीत हमसून हमसून रडली, लाज न बाळगता.

जाता जाता सेठ फाटकात थबकला. "अरे, पर ये खाएगी क्या? हमारे यहाँ तो प्याज-लहसुन भी नहीं आता."

गर्दीच्या मागून एक घोगरा आवाज आला, "मी आनून देईन जी." बकाराम होता. बायकोकडं न बघता तो जमिनीकडं बघत होता.

तेव्हापासून रोज सकाळी बकारामची सायकल सेठच्या बंगल्यामागं थांबते. मागचं दार सेठ स्वतःच उघडतो, घरातलं दुसरं कुणी मासोळीच्या पुडीला हात लावत नाही. एका हातानं नाकाला शाल धरतो, दुसऱ्या हातानं पुडी घेतो, आणि पायात घुटमळणाऱ्या भुरीला सांभाळत दरडावून विचारतो, "ताज़ी है ना? कल वाली इसको पसंद नहीं आई."